भाड्यातून हप्ता फिटेल का? फोंड्याचा फ्लॅट, कळंगुटचा स्टुडिओ आणि सासूबाईंची भीती

डिचोलीहून एका वाचक ताईंचं मोठं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नाव नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मी हायस्कूलमध्ये शिकवते, मिस्टर वेर्ण्याला कंपनीत आहेत, दोघांचा मिळून हातात सव्वा लाख पगार येतो. इतक्या वर्षांत २० लाख बाजूला पडलेत. एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा म्हणजे भाड्यातूनच हप्ता जाईल आणि मुलांसाठी काहीतरी उभं राहील असा विचार आहे. फोंड्याला ४८ लाखांचा जुना टू बीएचके बघितला, मालक दुबईत असतात, एजंट म्हणतो १५ हजार भाडं आरामात येईल. माझे दीर म्हणतात तिथे काय ठेवलंय, कळंगुटला नवीन स्टुडिओ घे, बिल्डर वर्षाला ८ टक्के खात्रीने देतो, टुरिस्टांना देऊन वर पैसे सुटतात. आणि सासूबाई म्हणतात भाडेकरू आत घेतला की तो कूळ होऊन बसेल, निघणारच नाही, आणि द्यायचाच तर बाहेरच्याला देऊ नका. आम्ही काय करावं? आणि घ्यायचा तर कोणाच्या नावावर घ्यावा?"

ताई, आधी हिशेब करूया, कारण "भाड्यातून हप्ता जाईल" हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय आणि सगळा निर्णय त्याच्यावरच उभा आहे.

४८ लाख ही नुसती फ्लॅटची किंमत झाली. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील, एजंट, आणि जुना फ्लॅट म्हटल्यावर रंग, नळ, वायरिंग हे सगळं वर येणार, त्याला मी ५ लाख धरते. म्हणजे ५३ लाख. तुमच्या २० लाखांतले १५ हे खर्च धरून इथे गेले आणि थोडं घरात राहिलं तर कर्ज काढावं लागेल ३८ लाखांचं, पण चला, सगळे २० लाख घालून आणि वर एखादा लाख कुठून तरी ओढून तुम्ही ३२ लाखांत बसवलंत असं समजू. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी त्याचा हप्ता महिन्याला २७ हजार ७०० च्या वर जातो. आता भाडं. १५ हजार गुणिले १२ म्हणजे १ लाख ८० हजार, असं एजंट सांगतो आणि तिथेच थांबतो. पण एक भाडेकरू जातो नि दुसरा येतो त्यामध्ये वर्षाला सरासरी एक महिना रिकामा धराच, राहिले १ लाख ६५. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला दीड हजार समजा, गेले १८ हजार. घरपट्टी ४ हजार. दुरुस्ती आणि रंग, हा खर्च दर वर्षी येत नाही पण आला की एकदम येतो, म्हणून वर्षाला २० हजार बाजूला. एजंटला अर्ध्या महिन्याचं भाडं. सगळं जाऊन हातात उरतात १ लाख १५ हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजार. ५३ लाखांवर हे सव्वादोन टक्के सुद्धा होत नाही. आणि हप्ता पावणेअठ्ठावीस. म्हणजे दर महिन्याला १८ हजार तुमच्या पगारातून, वर्षाला सव्वादोन लाखांच्या जवळ, आणि फ्लॅट रिकामा असेल त्या महिन्यात तर पूर्ण हप्ता.

हे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा असेल, व्याजदर थोडा वरखाली असेल, तुम्ही स्वतः वहीत मांडा. पण मांडल्यावर सुद्धा भाड्यातून हप्ता जाणार नाही हे दिसेलच. आपल्याकडे राहत्या घरांचं भाडं किमतीच्या मानाने कमीच असतं, कर्जाचं व्याज त्याच्या कितीतरी वर असतं. मग लोक घेतात का, तर पुढे किंमत वाढेल या आशेवर आणि जबरदस्तीची बचत होते म्हणून. ते चुकीचं नाही, पण मग तसं म्हणूनच घ्यायचं, की आम्ही महिन्याला इतके हजार या फ्लॅटमध्ये साठवतोय आणि ते साठवायची आमची ताकद १५-२० वर्षं आहे. दोन मुलं शाळेत आहेत असं तुम्ही लिहिलंय, कॉलेजचे खर्च नेमके याच वर्षांत येणार, म्हणून मला ३२ लाखांचं कर्ज जास्त वाटतं. स्पष्टच सांगते, एवढं काढू नका.

कर वाचतो म्हणून घ्या असं कोणी सांगितलं असेल तर तेही तपासा. पहिल्या वर्षी एवढ्या कर्जाचं व्याजच २ लाख ७० हजारांच्या आसपास जातं. भाड्यातून घरपट्टी वजा करून राहिलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते, व्याजही वजा होतं, म्हणजे कागदावर तोटाच दिसणार. जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर हा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नवीन पद्धतीत तो पगारातून वजा होत नाही. आता बहुतेक नोकरदार नवीन पद्धतीतच आहेत, तुम्हीही असाल तर भाड्यावर कर लागणार नाही इतकाच फायदा, पगारावरचा कर काही कमी होत नाही.

याच्याच जोडीने नावाचा प्रश्न, कारण गोव्यात तो बाकी देशापेक्षा वेगळा आहे आणि मुंबई-पुण्याचे सल्ले इथे चालत नाहीत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक. फ्लॅट कोणा एकाच्या नावावर घेतला तरी दुसऱ्याचा अर्धा हिस्सा त्यात आहेच आणि उद्या विकताना दोघांच्याही सह्या लागणार. म्हणून उगाच डोकं लढवू नका, दोघांच्याही नावावर घ्या, कर्जातही दोघं राहा. आयकरात सुद्धा गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे, जुन्या कायद्यात ती कलम ५ए म्हणून होती: पगार सोडून बाकीचं उत्पन्न, त्यात भाडं आलं, नवराबायकोत अर्धं अर्धं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. कित्येक जण पूर्ण भाडं एकाच्याच रिटर्नमध्ये टाकतात नि मग नोटीस आली की धावाधाव. गोव्यातला सीए बघा, त्याला हे माहीत असतं, आणि रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म यात चालत नाही हेही तो सांगेल.

आता कागदपत्रं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण भाड्यात दोन हजार कमी आले तर माणूस सावरतो, पण मालकीत घोळ निघाला तर आयुष्याची पुंजी कोर्टात अडकून पडते.

तुमचा फोंड्याचा मालक दुबईत. पहिला प्रश्न, त्याचं लग्न झालंय का आणि बायको सही करणार का. बायकोच्या सहीशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका, "नंतर घेऊ" हे उत्तर मान्य करायचं नाही. ते दोघं येणार नसतील आणि पॉवर ऑफ अॅटर्नीवर कोणी भाऊबीऊ सही करणार असेल तर ती पॉवर दोघांनीही दिलेली हवी, तिथल्या भारतीय वकिलातीतून रीतसर झालेली हवी, आणि त्यात विकण्याचा नि पैसे घेण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, हे तुमच्या वकिलाने वाचायचं, एजंटने नव्हे. दुसरा प्रश्न, फ्लॅट त्याने स्वतः घेतलाय की आईवडिलांकडून आलाय. आईवडिलांकडून आला असेल तर वारसदार किती आणि वाटणी कशी झाली त्याचा कागद पाहिजे, इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांमध्ये वाटणी ठरवायची गोव्यातली कायदेशीर प्रक्रिया, झालीय की नाही ते विचारा. आपल्याकडे मुलांचा हिस्सा कायद्यानेच राखलेला असतो, मृत्युपत्र करूनही सगळं दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही, त्यामुळे "बाबांनी माझ्या नावावर केलंय" एवढं पुरत नाही. बहीण परदेशात असेल तिचीही सही लागू शकते.

आणि एक गोष्ट जी एजंट हमखास सांगत नाही. विकणारा इथेच राहणारा असेल तर ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच विकणाऱ्याचा आयकर, कापायचा असतो, म्हणून लोकांना वाटतं ४८ लाखांत काहीच नाही. पण विकणारा परदेशात राहणारा असेल तर ५० लाखांची मर्यादा लागूच होत नाही, टीडीएसचा दर कितीतरी जास्त असतो, आणि तो कापून सरकारला भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, म्हणजे तुमची. नाही कापला तर आयकर खातं तुमच्याकडे येणार, तो तोपर्यंत दुबईत परत गेलेला असणार. त्याला जास्त कापलेला नको असेल तर त्याने आयकर खात्याकडून कमी टीडीएसचा दाखला आणावा. हे टोकन द्यायच्या आधी बोलून घ्या, नंतर तो "मला पूर्ण ४८ हवेत" म्हणून अडून बसतो आणि तुमचं टोकन अडकतं.

बाकीचे कागद वकील मागवेलच: सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला, जमिनीचा उतारा म्हणजे फॉर्म एक व चौदा किंवा शहरी भाग असेल तर फॉर्म डी, जमीन रूपांतराची सनद, मंजूर नकाशा, इमारत राहायला योग्य असल्याचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. ऑक्युपन्सी नसलेला फ्लॅट स्वस्त मिळतो म्हणून मोहात पडू नका. आणि चौरस मीटर विचाराल तेव्हा कार्पेट एरिया, म्हणजे फ्लॅटच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, विचारा, सुपर बिल्टअपमध्ये जिना आणि गच्ची पण तुमच्याच माथी मारलेली असते.

दिरांच्या स्टुडिओबद्दल. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण ८ टक्क्यांची खात्री कोण देतोय ते बघा. बिल्डर. किती वर्षं? बहुतेक दोन किंवा तीन. त्यानंतर? आणि ते पैसे तो कुठून देतो, तर पुष्कळदा किंमतच आधी वाढवून लावलेली असते, म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याहप्त्याने परत. त्याचं काम अडकलं की खात्रीही अडकली. रेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर घ्या, गोवा रेराच्या साईटवर प्रोजेक्ट उघडून बघा, ताबा कधी द्यायचा लिहिलंय ते बघा, समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, काय ते वकिलाला विचारा.

टुरिस्टांना देणं हा वेगळाच धंदा आहे, त्याला भाडं म्हणू नये असं माझं मत. पर्यटन खात्याकडे १९८२ च्या टुरिस्ट ट्रेड कायद्याखाली नोंदणी लागते, परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, विजेला व्यावसायिक दर लागू शकतो, सोसायटीतले कायम राहणारे लोक रात्रीच्या गोंगाटाने वैतागून तक्रारी करतात आणि त्यांचं काही चूक नसतं. चादरी, साफसफाई, चावी देणं, रात्री दीडला एसी चालत नाही म्हणून फोन. तुम्ही शाळेत, मिस्टर वेर्ण्याला, कळंगुटला कोण जाणार? मग कंपनीला चालवायला द्यावं लागतं, ती आपला वाटा कापते, बुकिंग साईट आपला कापते. नाताळ-न्यू इयरला खोल्या मिळत नाहीत हे खरं, पण जून ते सप्टेंबरचा हप्ता सुद्धा बँक घेतेच की. तिथेच राहणाऱ्या, पूर्ण वेळ देणाऱ्या माणसाला हे जमतं. तुम्हाला दोघांना नोकरी सांभाळून नाही जमणार, मला तरी तसंच वाटतं.

मग काय करावं? फोंडा ही जागा तुम्ही चांगली निवडलीय. भाड्याच्या फ्लॅटला समुद्र दिसायची गरज नसते, बारा महिने पगार घेणारी माणसं जवळपास असायला लागतात. कुंडई आणि बेतोडा औद्योगिक वसाहती, उसगावचे कारखाने, फर्मागुडीची कॉलेजं, बँका, हॉस्पिटलं, शाळा, बसची सोय. फर्मागुडीला आयआयटी आहे पण ती तात्पुरत्या कॅम्पसमध्ये आहे, नुसत्या तिच्या भरवशावर घेऊ नका. या लोकांना बहुतेकांना टू बीएचके परवडतच नाही, वन बीएचके शोधतात. समजा ३१ लाखांत वन बीएचके मिळाला, वर साडेतीन खर्च, कर्ज १८ लाख. हप्ता साधारण १५ हजार ६००. भाडं साडेदहा हजार धरलं तर वरचे सगळे खर्च नि रिकामा महिना जाऊन महिन्याला पावणेसहा हजारांच्या आसपास उरतात. तुमच्या खिशातून दहा हजारांच्या आत. आणि २० लाखांतले साडेतीन लाख हातात शिल्लक. ते कशालाही लावायचे नाहीत, सोनं नाही, फर्निचर नाही, ते फ्लॅटचा रिकामा काळ आणि गळती यांच्यासाठी बँकेत वेगळे ठेवायचे. भरभराटीचा सौदा हाही नाही, पण झोप उडवणारा नाही.

गळतीवरून आठवलं, फ्लॅट भर पावसात बघा. एप्रिलमध्ये नवा रंग मारलेला प्रत्येक फ्लॅट सुंदर दिसतो. जुलैमध्ये जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, कपाटं उघडून वास घ्या, बाथरूमच्या वरचं छत बघा, सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्रे आहेत का आणि ते सोसायटीने घातलेत का एका मालकाने ते विचारा, नाहीतर उद्या दुरुस्ती कोणी करायची यावर दोन वर्षं भांडणं. आणि पावसात फ्लॅट बंद राहिला की बुरशी चढते, लाकूड फुगतं, म्हणून मे महिन्यात भाडेकरू जाणार असेल तर हजार रुपये कमी घेऊन का होईना जूनच्या आधी दुसरा बसवा. कॉलेजं सुरू व्हायचीही तीच वेळ, माणसं शोधात असतात. लहानशा सोसायटीत पाण्याची टाकी किती मोठी आणि टँकर किती वेळा मागवतात ते खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा, सेक्रेटरीला नको.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गोव्यात कूळ-मुंडकाराच्या गोष्टी घराघरात आहेत आणि त्यांनी त्या डोळ्यांनी बघितल्या असतील. पण त्यांना एवढं सांगा: १९७५ चा मुंडकार कायदा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने घरात राहणाऱ्यांसाठी आहे आणि घराचं भाडं देऊन राहणाऱ्याला त्या कायद्याने मुंडकाराच्या व्याख्येतून बाहेरच ठेवलंय. म्हणजे उलट, कागद न करता, भाडं न घेता, "राहा रे बाबा, घर सांभाळ" म्हणून ठेवलेला माणूस पुढे वादाला कारण होतो. म्हणून जवळचा नातेवाईक असला तरी कागद करा आणि भाडं बँकेतूनच घ्या, रोख नको.

भाडेकरू निघतच नाही हा दुसरा धोका मात्र खरा आहे. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली भाडेकरूला काढायला ठरावीकच कारणं चालतात आणि वेळ लागतो. म्हणून आपल्याकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेपट्टा न देता नुसती राहायची परवानगी देणारा, करार करतात. तो वकिलाकडून करून घ्या, झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना नको, कारण वर लायसन्स लिहून आत सगळ्या अटी भाडेपट्ट्याच्या असल्या तर कोर्ट नावापेक्षा आतला मजकूर बघतं. मुदत संपली की त्याच कागदावर तसंच पुढे चालू ठेवायचं नाही, दर वेळी नवीन करार, तेव्हाच भाडंवाढ. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट घ्या, वीज मीटरचा आकडा करारात लिहा, पंखे-गीझर-कपाटांचे फोटो दोघांनी एकमेकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. वीजबिल तुमच्या नावावर असतं, भाडेकरूने भरलं का ते दर महिन्याला स्वतः बघा, तीन महिन्यांचं बिल ठेवून गेला तर तुम्हालाच भरावं लागतं. पोलिसांकडे भाडेकरूची पडताळणी गोव्यात सक्तीची आहे, फॉर्म भरून स्टेशनवर द्या नि पोच सांभाळून ठेवा.

आणि "बाहेरच्याला नको" याबद्दल, ताई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मोकळेपणाने लिहिते. आडनावावरून किंवा भाषेवरून भाडं वेळेवर येत नसतं. नोकरी बघा, तीन महिन्यांच्या पगाराचे कागद बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा आणि त्याला एकच विचारा, परत याला घर द्याल का. कुंडईला शिफ्टमध्ये काम करणारा बाहेरगावचा मुलगा आणि त्याची बायको तुमचं घर आपल्या घरासारखं ठेवतात असं मी खूप बघितलंय. त्यांनाही डोक्यावर चांगलं छप्पर पाहिजे असतं. नळ गळतोय म्हणून त्याचा फोन आला तर त्याच आठवड्यात प्लंबर पाठवा, डिपॉझिट जाताना पूर्ण नि वेळेवर परत द्या. असा भाडेकरू चार वर्षं राहतो आणि तुमचा रिकामा महिना वाचतो, दलाली वाचते, रंग वाचतो.

आता लगेच करायचं ते एवढंच. एजंटला टोकन देऊ नका, कितीही घाई केली तरी. आधी मालकाच्या बायकोच्या सहीचा आणि टीडीएसचा विषय काढा, त्यावर तो काय बोलतो बघा. फोंड्यातलाच, एजंटने सुचवलेला नसलेला वकील धरा. बेतोडा-कुर्टी भागात दोन-तीन वन बीएचके बघून या, आणि तिथे भाड्याने राहणाऱ्यांनाच विचारा की ते किती देतात. कळंगुटचं दिरांना सांगताना माझं नाव पुढे करा हवं तर, घरात वाईटपणा यायला नको. वन बीएचकेचे कागद हातात आले की परत लिहा, कर्जाची मुदत १५ वर्षं ठेवायची का २० ते तेव्हा मुलांच्या वयाप्रमाणे बघू.